उजव्या कोपऱ्यातला पत्ता

एकवीस वर्षांची मुलगी तिसरीचं मराठीचं पुस्तक मांडीवर घेऊन, ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचते आहे, हे दृश्य दुबईच्या बसस्टॉपवर रोज दिसत नाही. त्यामुळे वासुदेव परुळेकर टक लावून बघत राहिला, यात त्याचा फारसा दोष नव्हता.

बसस्टॉप काचेचा, आतून एसीने गारठवलेला. २००९चा नोव्हेंबर लागला होता, तरी बाहेर दुपारचं ऊन मी मी म्हणत होतं आणि बस काही केल्या येत नव्हती. बाकावर एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तो, मध्ये तिची कॉलेजची सॅक.

"पुढच्या पानावर चित्र आहे," तो हळूच म्हणाला. "तिथपर्यंत नेटाने गेलात की जरा विश्रांती मिळेल."

वैभवीने पुस्तक पटकन मिटलं. मराठी माणूस नेमका नको तेव्हा शेजारी निघतो, हा दुबईत वाढलेल्या तिला लहानपणापासूनचा अनुभव होता.

"तुला काय माहीत?"

"मी तिसरी पास आहे."

हे त्याने इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगितलं, की रागवायचं ठरवूनही तिला हसू आलं. मग तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. इस्त्रीचा निळा शर्ट, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, आणि मांडीवर कागदांचं जाड पाकीट, जे त्याने तान्ह्या मुलासारखं दोन्ही हातांनी धरलं होतं. डोळे मात्र हसत होते... तिने ते पाहिलं, आणि उगाचच काचेबाहेर बघायला लागली.

बस पस्तीस मिनिटं उशिरा आली. तेवढ्या वेळात तिने त्याला सगळं सांगून टाकलं. घरी कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण घरचे सगळे आधीच त्याच काळजीत बुडालेले होते.

प्रकरण असं होतं. वैभवी टिपणीस अकॅडेमिक सिटीतल्या एका अमेरिकन धर्तीच्या कॉलेजात शेवटच्या सेमिस्टरला होती. तिथे पदवी हवी तर एक परकी भाषा दोन सेमिस्टर शिकावी लागे, आणि वैभवीने ती चार वर्षं पुढे पुढे ढकलली होती. तेव्हा ढकलायला जागा होती. तिचे बाबा, गुणवंत टिपणीस, बावीस वर्षं एकाच बांधकाम कंपनीत होते. पदवीला आणखी एक वर्ष लागलं असतं तरी काही बिघडलं नसतं. मग मंदी आली. क्रेन होत्या तिथे उभ्या राहिल्या आणि ऑक्टोबरात बाबांच्या हातात पत्र पडलं. एकतीस डिसेंबर हा शेवटचा दिवस, त्यानंतर व्हिसाचे तीस दिवस, की खलास. आई आणि वैभवी दोघीही बाबांच्याच व्हिसावर. पदवी जानेवारीत मिळाली तर मिळाली, नाहीतर चार वर्षांचं शिक्षण अर्धवट टाकून पुण्याचं विमान धरायचं.

सुटकेची एकच वाट होती. प्रवेशअर्जात जी मातृभाषा लिहिली असेल, ती नीट लिहिता-वाचता येते असं परीक्षा देऊन दाखवलं, तर परकी भाषा माफ. आता गंमत अशी, की तो अर्ज बाबांनी भरला होता. मातृभाषेच्या रकान्यात त्यांनी अभिमानाने 'मराठी' लिहिलं होतं आणि पुढच्या तिन्ही चौकोनांत ठसठशीत खुणा केल्या होत्या: बोलता येते, वाचता येते, लिहिता येते. पहिली खूण खरी होती. बाकीच्या दोन बापाच्या मायेने केलेल्या होत्या.

शाळेतल्या हिंदीमुळे अक्षरं तिच्या ओळखीची होती, पण ती लिफ्टमध्ये भेटणाऱ्या शेजाऱ्यांइतपत. आईने कुणाकडून तरी तिसरीचं पुस्तक मागवून घेतलं, आणि वैभवी अक्षरशः पहिल्या धड्यापासून लागली.

"कधी आहे परीक्षा?" वासुदेवने विचारलं.

"सतरा डिसेंबर."

"सहा आठवडे." त्याने जरा हिशेब केला. "मी शिकवतो. मराठीत एमए आहे मी. हसू नका. त्याचं तिकडे काही होईना, म्हणून इकडे येऊन कागद सांभाळतो."

"आणि फी?"

"दर वेळी एक चहा. एक दिऱ्हम, म्हणजे बारा-साडेबारा रुपये."

दिऱ्हमचे रुपये करून बोलणाऱ्या लोकांना वैभवी आजवर मनातल्या मनात हसत आली होती. त्या दिवशी ती हसली नाही. तेवढ्यात बस आली आणि आत बसल्यावर तिने शेजारच्या सीटवरची आपली सॅक उचलून त्याच्यासाठी जागा केली.

शिकवणी जुमेरा लेक टॉवर्सच्या पायथ्याशी, एका मलबारी कॅफेटेरियात, मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला सुरू झाली. वैभवीचं घर डिस्कव्हरी गार्डन्समध्ये, म्हणजे तिला ते जवळ. वासुदेवचं ऑफिस वरच अठराव्या मजल्यावर होतं. राहायला तो लांब, जुन्या दुबईतल्या देऱ्यात होता, एका खोलीत पाच जणांबरोबर, त्यामुळे घरी लवकर पोचण्याची त्याला काही घाई नसायची.

तो एका बांधकाम कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर होता. टॉवरचा प्रत्येक नकाशा त्याच्या टेबलावरून जायचा. आला की तारखेचा शिक्का, मग नोंद, मग तो सल्लागारांकडे; आणि तिकडून परत येताना त्यावर एक अक्षर असायचं. ए म्हणजे मंजूर. बी म्हणजे शेऱ्यांसह मंजूर. सी म्हणजे सुधारून पुन्हा सादर करा. डी म्हणजे नामंजूर. आता टॉवरच थांबले होते आणि ऑफिसात रद्द नकाशांचे गठ्ठे पडून होते. तो त्यातले थोडे रोज खाली आणायचा. पुढच्या बाजूला कधीच न बांधला जाणारा चाळिसावा मजला, मागच्या कोऱ्या बाजूला वैभवीची जोडाक्षरं.

"परीक्षेत पत्र येणारच," पहिल्याच दिवशी तो म्हणाला. "पत्राची सुरुवात पत्त्याने. वरचा उजवा कोपरा. लिहा."

वैभवीने पोस्ट बॉक्सचा नंबर लिहिला.

"हा काय पत्ता झाला?"

"हाच पत्ता. इकडे घराला पत्ता नसतोच. पोस्ट बॉक्स असतो, तोही बाबांच्या कंपनीचा. माझी आख्खी लाइफ त्याच नंबरवर टपाल येतंय."

वासुदेव म्हणाला, सरावापुरता माझा घ्या. आणि त्याने सावकाश सांगितलं: मुक्काम पोस्ट पिंगुळी, तालुका कुडाळ, जिल्हा सिंधुदुर्ग. पिंगुळी जमलं. कुडाळला ती जरा अडखळली. सिंधुदुर्गाने मात्र तिच्या नाकी नऊ आणले. रफार कधी या अक्षरावर, कधी त्या, एकदा तर दोन्हींवर. त्याने लाल पेन्सिल काढली आणि कागदाच्या खाली लिहिलं: सी.

"इतका अवघड जिल्हा कशाला ठेवलाय?"

"बदलून घेऊ. कलेक्टरला अर्ज करावा लागेल. तो मात्र तुम्ही लिहायचा."

ती त्याला पहिल्या दिवसापासून 'तू' म्हणत होती. दुबईत वाढलेली मुलं सगळ्यांनाच 'तू' म्हणतात, त्यात उद्धटपणा नसतो. तो मात्र 'तुम्ही'ला घट्ट धरून होता. सहा वर्षांनी लहान मुलीला हा 'अहो' करतो याची तिला आधी गंमत वाटली, मग जरासा राग यायला लागला. लिहिताना तिचा कागद सरकू नये म्हणून तो कागदाच्या कडेवर बोट ठेवायचा. ते बोट तिच्या हातापासून बरोबर दोन इंच लांब असायचं. नोव्हेंबर संपत आला तरी ते अंतर दोन इंचच होतं, आणि एखाद्या गुरुवारी वैभवीला जोडाक्षरांपेक्षा त्या दोन इंचांचाच विचार जास्त सतावायचा.

कागदांवर सी येत राहिले. डिसेंबरच्या पहिल्या तारखेला पहिला बी आला. तिने तो कागद घडी करून सॅकमध्ये ठेवला आणि ए कधी देणार म्हणून विचारलं. तो म्हणाला, ए माझ्या हातात नसतो. मी फक्त नोंद करतो.

घरी आईच्या, छायाताईंच्या, नजरेतून काही सुटत नव्हतं. पोरीचं मराठी सुधारलंय, त्या बाबांना म्हणाल्या, आणि आरशासमोरचा वेळही वाढलाय. बाबांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही. पेपरात रोज एका नव्या कंपनीचं नाव असायचं.

आणि मग वासुदेवच्या नावाने कॉलेजचं पत्र आलं.

कॉलेजने दुबईतल्या एका मराठी मंडळाला विचारलं होतं, की मराठीची परीक्षा घेऊ शकेल असा पात्र माणूस तुमच्याकडे आहे का. मंडळाच्या सेक्रेटरींना एकच नाव आठवलं. ज्याने मागल्या वर्षी त्यांची स्मरणिका तपासून दिली होती तो, मराठीत एमए, फर्स्ट क्लास. वासुदेव परुळेकर.

टिपणिसांच्या घरात त्या रात्री गोड झालं. बाबांचा जीव भांड्यात पडला. शिकवणाराच परीक्षक, म्हणजे आता काळजी कसली? कॉलेजने त्याला एक फॉर्म पाठवला होता, तीन प्रश्नांचा. उमेदवार तुमच्या नात्यात आहे का? तुम्ही तिला शिकवलं आहे का? तिच्याशी तुमचा काही वैयक्तिक संबंध किंवा तिच्या निकालात तुमचं काही हित आहे का? तीनदा 'नाही' लिहायचं आणि सही ठोकायची. बाबा म्हणाले, यल्ला, चला, एका मिनिटाचं काम.

एक मिनिट गेलं, दोन दिवस गेले, चार दिवस गेले. फॉर्म काही कॉलेजात पोचला नाही. आठ डिसेंबरच्या मंगळवारी वैभवी कॅफेटेरियात पोचली तेव्हा तिने पुस्तक उघडलंच नाही.

"फॉर्म पाठवलास?"

"नाही अजून."

"नऊ दिवस राहिलेत, वासुदेव."

"माहीत आहे."

"मग प्रॉब्लेम काय आहे? तीनदा नाही लिहायचं आहे. कुणाला कळणार आहे?"

"मला," तो म्हणाला. त्याने चहाचा कप उगाच थोडा बाजूला सरकवला. "खोटी नोंद झालेला कागद मी आजपर्यंत पुढे पाठवलेला नाही."

"हा नकाशा नाहीये. माझी डिग्री आहे. बाबा रोज रात्री हॉलमध्ये खोके भरत बसतात, आणि तू... तुला एक टिक करायला जड जातंय?" तिचा आवाज चढला, मग एकदम बसला. "तुला वाटतंय का, मी पास होण्यासारखी नाहीये?"

"पास करीन. तीच तर अडचण आहे." त्याने पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत सरळ पाहिलं. "कोरा कागद दिलास तरी पास करीन मी तुला."

हे उत्तर तिला मुळीच कळलं नाही. ती सॅक उचलून निघाली, चहा तसाच राहिला. फीडर बसमध्ये बसल्यावर, डिस्कव्हरी गार्डन्सच्या पहिल्या वळणाशी, तिच्या लक्षात आलं की तो 'दिलास' म्हणाला, 'तुला' म्हणाला. इतके दिवस जे ऐकायचं होतं ते ऐकायला मिळालं होतं, आणि तेही भांडणात. तिला रडू आलं आणि ते कशाचं आहे हे तिचं तिलाच सांगता येईना.

गुरुवारी सकाळी कॉलेजच्या रजिस्ट्रार ऑफिसातून फोन आला, की येऊन जा. काउंटरवर रुकय्या होती, हैदराबादची, पंधरा वर्षं त्याच खुर्चीवर बसलेली. नेहमी ती कागद काचेखालून सरकवायची आणि पुढचा नंबर पुकारायची. आज तिने वैभवीला आत बोलावलं आणि खुर्ची दिली. वैभवीच्या तोंडचं पाणी पळालं.

"तुम्हारा एक्झामिनर हट गया," रुकय्या म्हणाली. "फॉर्म पढ़ लो. तुम्हारे नाम का है, पढ़ सकते तुम."

फॉर्म इंग्रजीत होता, उत्तरंही इंग्रजीत, वासुदेवच्या सुबक छापील अक्षरांत.

नात्यात आहे का? नाही.

शिकवलं आहे का? हो. पाच नोव्हेंबरपासून, दर मंगळवारी आणि गुरुवारी.

वैयक्तिक संबंध किंवा हित आहे का? आणि पुढे, रकाना पुरला नाही म्हणून खालच्या समासात उतरून: हो. मला उमेदवार फार आवडते. उमेदवाराला याची कल्पना नाही. ती पास व्हावी अशी माझी इतकी इच्छा आहे की तिची परीक्षा मी घेणं योग्य नाही. खाली सही, तारीख.

वैभवीने ते दोनदा वाचलं. एसीच्या हवेत समोरच्या कॅलेंडरची पानं फडफडत होती. कुणी आपल्यावर प्रेम करतं हे आपल्याला कॉलेजच्या फॉर्मवरून, तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात कळावं... आणि ते आपल्या आधी रुकय्याला कळावं.

"पंद्रह साल में ऐसा फॉर्म नहीं देखी मैं," रुकय्या म्हणाली आणि तिने त्यामागे टाचलेला दुसरा कागद उलटून दाखवला. "रोओ मत. दूसरा नाम भी वही दिया है. सर्टिफिकेट के साथ."

नाव होतं मैमुनाबी. दापोलीच्या शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, एमए, बीएड, सध्या मुक्काम देऱ्यात, मुलाकडे. चार संध्याकाळी वासुदेव देऱ्यातल्या कोकणी लोकांकडे विचारत हिंडला होता. खोलीतल्या एका दापोलीच्या मित्राच्या मामेभावाकडून त्यांचा पत्ता लागला. मग त्यांची सर्टिफिकेटं दापोलीहून फॅक्सने यायची वाट बघत थांबला होता. फॉर्म अडला होता तो यासाठी.

दुपारी पाऊस आला. दुबईत पाऊस आला की गटारं नसलेल्या रस्त्यांवर तळी साचतात, आणि ते पाणी उपसायला टँकर येऊन उभे राहतात. वैभवी जुमेरा लेक टॉवर्सला पोचली तेव्हा तसाच एक टँकर दारातलं पाणी सोंडेने ओढत होता. तिने चपला हातात घेतल्या, सलवार वर धरली आणि चालत लॉबीत शिरली. अठराव्या मजल्यावर निरोप गेला. लिफ्ट उघडली आणि वासुदेव तिला बघून तिथेच थांबला, इतका की लिफ्टचं दार त्याच्यावर मिटायला लागलं.

"तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर," ती म्हणाली, "आधी मला सांगायला हवं होतंस."

"आधी सांगितलं असतं, तर तू माझ्यासाठी हो म्हणते आहेस की परीक्षेसाठी, हे मला कधीच कळलं नसतं. तुलाही कळलं नसतं कदाचित."

तिच्या केसांतून पाणी टपकत होतं. त्याने खिशातून रुमाल काढला, तिच्यापुढे धरला, आणि या वेळी तिने तो घेताना दोन इंचांचा हिशेब पाळला नाही.

"मग मीही आत्ता सांगणार नाही," ती म्हणाली. "परीक्षा होऊ दे. तुमच्याकडे कागदाला उत्तर द्यायला किती दिवस देतात?"

"चौदा."

"मग चौदा."

मैमुनाबी म्हणजे पांढरी ओढणी, जाड भिंगाचा चष्मा आणि तीस वर्षांत एकदाही न बसलेला आवाज. सतरा तारखेला कॉलेजच्या एका रिकाम्या वर्गात त्यांनी वैभवीला पेपरातला उतारा वाचायला लावला, मध्येच थांबवून अर्थ विचारले, मग फळ्यावर लिहिलं: आपल्यावर उपकार केलेल्या व्यक्तीस आभाराचे पत्र लिहा. वेळ एक तास. आणि खिडकीपाशी जाऊन जपमाळ ओढत बसल्या.

वैभवीने लिहायला सुरुवात केली. वरच्या उजव्या कोपऱ्यात पेन टेकवलं आणि उचललं. तो कोपरा तसाच सोडून तिने खाली 'प्रिय वासुदेव' लिहिलं, आणि मग तास कसा गेला हे तिला समजलं नाही.

मैमुनाबींनी तिथेच तपासायला घेतलं. लाल पेन कागदावर थांबत होतं, पुढे जात होतं. शेवटच्या परिच्छेदाशी ते बराच वेळ अधांतरी राहिलं.

"अकरा चुका," त्या म्हणाल्या. "आणि पत्ता कुठाय?"

"बाई, नाहीये. पोस्ट बॉक्स बाबांच्या कंपनीचा, तो या महिन्याअखेर जाणार. घर महिन्याभरात सोडायचंय. पुण्यात कुठे राहणार ते अजून ठरलं नाही. खोटा कसा लिहू?"

मैमुनाबींनी चष्मा काढून ओढणीच्या टोकाने पुसला. वैभवीला वाटलं, आता त्या विरघळल्या. पण त्यांनी चष्मा पुन्हा लावला आणि पत्त्याचे दोन गुण कापले. शंभरात एकाहत्तर. पासाला साठ लागत होते. पत्रकावर सही करून त्यांनी ते पाकिटात घातलं, चिकटवलं, आणि मग बाईंसारखं नाही, आजीसारखं बोलल्या.

"ही उत्तरपत्रिका कालेजची, बाळा. ती फायलीत जाणार. पत्र लिहिलंस ते फायलीला नाही ना? अकरा चुका सुधार आणि परत लिही. ज्याचं त्याला पोचव."

चोवीस डिसेंबर, गुरुवार, साडेपाच. चौदावा दिवस. कॉलेजचं पत्र सकाळीच आलं होतं: परकी भाषा माफ, पदवी जानेवारीत. बाबांनी ते पत्र दोनदा मोठ्याने वाचलं, मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

कॅफेटेरियात वासुदेव आधीच येऊन बसला होता. वैभवीने दोन चहा घेतले, काउंटरवर दोन नाणी ठेवली आणि स्वतःशीच पुटपुटली, पंचवीस रुपये. आपल्या तोंडून हे पहिल्यांदाच निघतंय हे तिला कळलं आणि तिला हसू आलं. मग तिने सॅकमधून एक रद्द नकाशा काढला, उलटा केला आणि त्याच्यापुढे ठेवला.

प्रिय वासुदेव, त्यात लिहिलं होतं. तू मला शिकवलंस म्हणून आभार. तू माझी परीक्षा घेतली नाहीस म्हणून जास्त आभार. घरी सगळे म्हणत होते खोटं लिही, मीही म्हणत होते. तू खरं लिहिलंस म्हणून मी स्वतःच्या मार्कांनी पास झाले. दुबई माझं गाव आहे असं मला वाटायचं, पण व्हिसा संपला की ते गाव राहत नाही. मला भीती वाटते. पण तू समोर बसलेला असतोस तेव्हा वाटत नाही. तिसऱ्या प्रश्नाचं माझंही उत्तर हो आहे. ते मी परीक्षेसाठी लिहिलेलं नाही. वैभवी.

वासुदेवने ते सावकाश वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून. त्याचे कान लाल झाले होते. त्याने शर्टाच्या खिशात हात घालून ऑफिसातला तारखेचा शिक्का काढला. तो आज मुद्दाम बरोबर आणलेला दिसत होता. त्याने शिक्का पत्राच्या खाली नीट, सरळ उमटवला. मिळाले, २४ डिसेंबर २००९. मग लाल पेन्सिल काढली आणि शेजारी लिहिलं: बी.

"बी?" वैभवी खुर्चीतून अर्धी उठली. "अकराच्या अकरा सुधारल्या मी. कुठे चूक आहे?"

"शेऱ्यांसह मंजूर," तो म्हणाला. "शेरा लिहायचाय अजून."

त्याने एक ओळ लिहिली आणि कागद तिच्याकडे फिरवला. वैभवीने नकळत ओळीखाली बोट धरलं, बसस्टॉपवर धरलं होतं तसं, आणि ओठ हलवत वाचलं.

पत्त्याची जागा रिकामी आहे. माझा चालेल का?

तिने मान वर करायच्या आत तो घाईघाईने सांगायला लागला, की देऱ्यातला नव्हे, गावचा म्हणतोय मी. माझाही इथे काही भरवसा नाही, जूनपर्यंतचं काम आहे, पुढचं इन्शाल्ला. मार्चमध्ये आई-अण्णांना घेऊन पुण्याला येतो, तुझ्या बाबांशी बोलायला. तोपर्यंत तू विचार कर, घाई नाही, चौदा दिवस घे, पाहिजे तर...

"पेन दे," ती म्हणाली.

त्याने पेन दिलं आणि सवयीने कागदाच्या कडेवर बोट ठेवलं. तिने आपला डावा हात त्याच्या हातावर ठेवला, म्हणजे कागद मुळीच सरकला नसता. मग ती वरच्या उजव्या कोपऱ्याकडे वळली.

"मुक्काम पोस्ट..." तो सांगायला लागला.

"सांगू नकोस."

तिने लिहिलं. पिंगुळी. कुडाळ. सिंधुदुर्ग लिहिताना तिचा हात एकदाही थांबला नाही. वासुदेवने कागद आपल्याकडे वळवला, पत्ता अक्षर न् अक्षर तपासला, आणि लाल पेन्सिलीने बी खोडून तिथे ए लिहिला.